रामकिशनमामांचे रक्त आणि आल्याची फत्ते

गोदामाईस स्मरोन, विष्णुपुरीचे मुक्कामी जे घडले ते पदरचे न घालता लिहितो.

कंधारच्या सिंधुबाईसाहेब यांचे देहातील पांढऱ्या पेशींची फौज बेबंद होवोन, रोगजंतू धरावयाची जाळी गनीम नसता फेकीत आपलेच सांध्यांवर चालोन आली आणि बोटे सुजोन भाकरी थापणे मुश्कील जाहले. मग त्यांची कन्या सृष्टीबाई, विष्णुपुरीस जीवशास्त्राचा अभ्यास करीत होत्या, त्यांनी आल्याचे सत्त्वाने ही फौज आवरते किंवा कैसे, याचा तपास मांडिला. निरोगी असामींनी सात दिवस आल्याच्या गोळ्या खाव्या आणि आधी व नंतर रक्त द्यावे, ऐसा करार. असामी जमा जाहले, एक कमी पडला. मग मातुश्रींचे बंधू रामकिशनमामा यांस फर्मान गेले.

मामा अंगाने पहाड, मिशी दरारेबाज. परंतु सुईचे नावे घाम फुटे आणि चहास आल्याचा वास येता कप परत धाडीत. दोन गनीम एकाच मोहिमेत पाहोन मामांनी जळकोटची एसटी धरिली आणि साडूचे घरी दडोन राहिले.

तिसरे दिवशी सिंधुबाईंचा फोन आला, "दादा, न्हाई जमत तर राहू दे. मी सांगते पोरीला." रागाचा एक शब्द नाही. तेणे मामांचे काळीज हलले आणि ते तडक विष्णुपुरीस दाखल जाहले.

"घे पोरी. पण मी छताकडं बघून राहतो."

सुई टोचली आणि मामा खुर्चीसकट भुईवर आले. मामा शुद्धीवर आले. खुर्ची मात्र मोडोन कामी आली. मग सात दिवस गोळ्या चालल्या आणि मामांचे किराणा दुकानी आल्याचे ढेकर ऐसे सुटले की गिऱ्हाईक दोन हात मागे सरे. आठवे दिवशी मामांनी डोळे उघडे ठेवोन रक्त दिले.

त्या रक्तातील पांढऱ्या पेशींस काचेचे बशीत नाना प्रकारे चिथाविले, तरी जाळी पूर्वीहून फार थोडी पडली. बाकी असामींचेही बहुतेक तैसेच. सृष्टीबाई तेथे आलेल्या आईस म्हणाल्या, "हे औषध न्हाई अजून. तुझ्या डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या न्हाईत. पण वाट दिसून राहिली."

मामांनी भिंगास डोळा लाविला. "ह्या माझ्या पेशी? लई शहाण्या हायत. माझ्यावर न्हाई गेल्या."

त्यावर सिंधुबाईसाहेब, कित्येक महिन्यांत प्रथमच, डोळ्यांस पाणी येईतो हसल्या. येणेप्रमाणे मंगळवारी दोन प्रहरी फत्ते जाहली. आपले बाजूस नुकसान, खुर्ची एक.