माझी दुखणी आणि मायचा चहा

खोट्या दुखण्यानं खऱ्यासारखं कण्हावं तर ते आमच्या बीबी गावात मीच! उगाच बढाई मारत नाही. दोन वर्षं त्याच्या जोरावर रोज चहा प्यालो आहे.

तेव्हा आमच्या वऱ्हाडात चहा नवा होता. आठवडी बाजारात चहा कंपनीचा माणूस यायचा, आधी फुकट पाजायचा आणि मग पुडी गळ्यात मारायचा. मायनं तशी एक पुडी घेतली आणि सुंठ-ओव्याच्या डब्यांशेजारी ठेवली. म्हणजे चहा झाला औषध. ज्याचं काही दुखेल त्याला चहा, धडधाकटाला ताक. मला तर चटक लागलेली. मग सोमवारी डोकं, मंगळवारी कंबर, बुधवारी गुडघा, अशी मी दुखण्यांची वाटणीच करून टाकली. बाबा लवकर गेलेले आणि मी एकुलता एक. माय काळजीनं आलं-गूळ घालून चहा करायची, मी कण्हत प्यायचो.

पुढे शेषराव मामांनी माझ्यासाठी जळगाव जामोदची एक मुलगी सुचवली. मी पाहून आलो आणि घरी येऊन सांगितलं, करीन तर हिच्याशीच. आता तिचे वडील अर्जुनराव आमचं घर आणि मुलगा पाहायला यायचे होते. त्यांचा होकार आला की झालं.

ते आले. मेहकरपर्यंत मोटार आणि पुढं बैलगाडी, त्यामुळे बसता बसता त्यांनी कंबर धरली. मायनं दाराआडून ते पाहिलं आणि लगेच चुलीवर चहा ठेवला. वास बाहेर आला. त्यात वार होता मंगळवार. माझा हात आपोआप कमरेवर गेला आणि तोंडातून निघालं, माझीही दुखते.

शेजारी बसलेल्या मामांनी डोळे वटारले, पण उशीर झाला होता. मामांच्या हातून पाहुण्याला चहा देऊन माय दाराआडूनच बोलू लागली.

"त्याची मंगळवारी कंबरच दुखते, पाव्हणे. सोमवारी डोकं, बुधवारी गुडघा. दोन वर्सं झाले. तुमच्याकडं कोनी चांगला वैद्य असन तर सांगा."

अर्जुनरावांनी बशी खाली ठेवली. ते मामांना हळूच म्हणाले की पोरगी अशा दुखणाईताच्या पदरात कशी टाकू, आणि टोपी शोधू लागले.

गप्प बसलो तर मुलगी जाणार होती आणि बोललो तर मायसमोर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. शेवटी बोललो. मला काही दुखत नाही, कधीच दुखलं नाही, हे सगळं चहासाठी होतं.

मामा खाली पाहू लागले. माय दाराआडून बाहेर आली, पाहुण्यासमोर कधी येत नसे ती.

"दोन वर्सं मी तुह्यासाठी सोमवार धरले," ती म्हणाली. "एकटाइम जेवली. ते कायले मंग?"

त्या क्षणी जेवढी लाज वाटली तेवढी नंतर कधी वाटली नाही.

अर्जुनराव मात्र पुन्हा टेकून बसले. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि मामांना म्हणाले, "खोटं बोलनं सुटते, दुखनं सुटत नाही. पोरगा पसंत हाय मले."

पाहुणे गेले. लग्न ठरल्याच्या आनंदात मी चुलीपाशी जाऊन बसलो. माय चहा करत होती. मला वाटलं, झाली माफी. मी बशी पुढे केली. तिनं चहा आपल्याच बशीत ओतला आणि फुंकून पिऊ लागली. तिनं आजवर चहाला तोंड लावलं नव्हतं.

"माय, तुले काय झालं?"

"डोकं दुखून राह्यलं."

ते कुणामुळे, हे विचारायची गरज नव्हती. मी तिच्या मागे बसलो आणि डोकं चेपू लागलो. ती अगदी सावकाश पीत होती, आणि संपल्यावर तिनं पुन्हा आधण ठेवलं. माझी बोटं खरोखरच दुखायला लागली, पण सांगतो कुणाला!