सगळ्यांच्या गरजेची खिडकी

या हो, असे पुढे सरकून बसा. गुडघ्याला गुडघा टेकला तरी चालेल, मोबाइल तेवढा पालथा ठेवा. आज कथा ऐकायची आहे घाटकोपरच्या एका खिडकीची. देवाचं नाव तिच्यात येतंच, फक्त खालच्या बाजूने येतं.

तर पंतनगरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर विमलाआजी राहायच्या. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून त्यांचं जग हॉलच्या लाकडी खिडकीएवढं उरलं होतं, आणि ते पुष्कळ होतं. खिडकीच्या बरोबर खाली विठ्ठलाचं लहानसं देऊळ. संध्याकाळी सुगंधाताई कीर्तनाला उभ्या राहिल्या की आजी वरून टाळ्यांनी साथ करायच्या. आरती झाली की ताई वर बघून हाक मारायच्या, "मावशी, सोडा टोपली!" दोरीला बांधलेली टोपली खाली जायची आणि खडीसाखर घेऊन वर यायची.

पुढे खिडकीला वाळवी लागली. आजींच्या मुलाने, सुबोधने, नवी खिडकी निवडण्यासाठी कुटुंबाची रीतसर बैठक बोलावली. कंपनीतर्फे मिथुन नावाचा तरुण हजर झाला. त्याच्या कार्डावर 'गृहगरज सल्लागार' असं छापलेलं होतं.

"आधी प्रत्येकाची गरज सांगा," तो म्हणाला.

"आवाज नको," सुबोध म्हणाला. तो घरूनच ऑफिसचं काम करायचा. "मीटिंग चालू असताना टाळ वाजतात यार. साहेब विचारतात, कोण गेलं?"

"धूळ नको," सून रुचिरा म्हणाली. "आणि ती मेली कबुतरं नकोत."

"ऊन नको," नात अक्षता म्हणाली. "रीलमध्ये माझा चेहरा काळा येतो."

"आजी, तुमचं?"

"माका कीर्तन ऐकू येऊक होया."

मिथुनचं पेन थांबलं. "आजी, आवाज न येणं ही गरज. आवाज येणं ही तक्रार."

"बरं बाबा. मग माझी तक्रार लिही."

त्याने लिहिली. आवाजाच्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन कंपनीने दुहेरी काचेची तिहेरी काच केली.

खिडकी बसली. झकास दिसत होती, उघडत मात्र नव्हती. उघडली तर धूळ आणि आवाज आत येणार, म्हणजे खिडकी सदोष ठरणार, म्हणून कंपनीने कडी ठेवलीच नव्हती. हवा कोंडली म्हणून एसी आला. एसी लावून ऊन आत घेणं म्हणजे विजेची नासाडी, म्हणून काचेवर काळी फिल्म आली. फिल्ममुळे भरदुपारी दिवे लागले. दिवे लागले की बाहेरून आतलं दिसतं, म्हणून जाड पडदा आला. बाहेरचं काहीतरी दिसायला हवं ना, म्हणून पडद्यावर डोंगर आणि नारळाची झाडं.

"अरे, मग भिंतच का नाय बांधलीस?" आजींनी विचारलं.

"आई, भिंतीला सोसायटीची परवानगी मिळत नाही."

सुबोध काही वाईट मुलगा नव्हता. त्याने देवळाला कॅमेरा दान केला, स्वतःच्या नावाच्या पाटीसकट, आणि आईला टॅब आणून दिला. आता ताई खाली गायच्या, तो स्वर आकाशात जाऊन टॅबमध्ये उतरायचा. भक्ताच्या हाकेला देव धावला की नेमकं गोल चक्र फिरू लागायचं आणि मग खिडक्यांची जाहिरात. हळूहळू सगळ्या इमारतीने तशाच खिडक्या बसवल्या. सगळे एसीत बसून हात जोडल्याची चित्रं पाठवायचे. देवळापुढच्या सतरंज्या ओस पडल्या.

एका संध्याकाळी आरती झाली आणि टॅबमधल्या ताईंनी सवयीने वर पाहिलं. "मावशी, सोडा टोपली!"

आजी सवयीनेच उठल्या. टोपली घेतली, पडदा सारला, कडी चाचपली. कडी नव्हतीच. टॅबमध्ये ताई हात वर करून उभ्या.

"आयलंय गो, आयलंय!" आजी ओरडल्या. पण तिहेरी काच दोन्ही बाजूंनी चोख काम करते.

"शिरा पडो या काचेर!" असा शाप देत आजींनी टोपली काखेत मारली आणि दार उघडलं. कोणाला ऐकू गेलं नाही. सुबोध मीटिंगमध्ये, रुचिरा फोनवर, अक्षताच्या कानांत गाण्यांची बोंडं. एकेका पायरीवर बसत, विठ्ठलाचं नाव घेत, आजी खाली पोचल्या. त्या एकट्या श्रोत्यासाठी ताईंनी पुन्हा वीणा उचलली.

मीटिंग संपवून सुबोधने नेहमीप्रमाणे फोनवर कीर्तन लावलं. रिकाम्या सतरंजीवर एक म्हातारी तल्लीन होऊन टाळ्या वाजवत होती. त्याला गहिवरून आलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग त्याला टोपली दिसली, आणि टोपलीवरून आई ओळखू आली.

तो धावत जाऊन काचेवर धडाधड हात मारू लागला. "आई! वर ये गं!" तेवढ्यात आजींनी वर पाहिलं. काळ्या काचेत त्यांना फक्त देवळाचा कळस दिसला. त्यांनी त्यालाच हात जोडले.

तर मंडळी, पालथा मोबाइल सुलटा करायच्या आधी एकदा आपल्या खिडकीपाशी जा. कडी उघडली तर उत्तमच. नाही उघडली, तर विमलाआजींची आठवण ठेवा. आणि आपली आई आत्ता कुठल्या खोलीत बसली आहे, तेवढं बघून या.