दातांनी ऐकणारे दामूमिस्त्री

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी पास झाले आणि पाटी सुटली ती सुटलीच. हे लिहिते आहे ते मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर, दुपारी घरातली माणसं निजल्यावर. कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घाला आणि दामूमिस्त्रींकडे लक्ष द्या.

दामूमिस्त्री इंजिन दातांनी ऐकत असत.

त्यांच्याकडे हातभर लांबीची सागवानी काठी होती. मोटारीचं झाकण उघडायचं, इंजिन चालू करायला सांगायचं, काठीचं एक टोक इंजिनाला लावायचं आणि दुसरं दाढेत धरायचं. मग डोळे मिटायचे. दाढेतल्या टोकाला उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे पडले होते. कोणी हसलं तर म्हणत, "कान खोटं सांगतो. दात कधी खोटं सांगतो का? दुखला तर दुखतो."

आमच्या बदलापूरच्या घराला पडवीलगत एक खोली होती. तिथे ते भाड्याने राहत. मूळचे कोकणातले. लढाईच्या वर्षांत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात होते. लढाई संपली, तिथलं काम संपलं आणि ते इकडे आले. बायको त्याच वर्षांत वारली, एवढं सासूबाईंनी एकदा काढून घेतलं. त्यापुढे काही कळलं नाही, कारण मिस्त्री विचारूच देत नसत. समोरच्याने तोंड उघडायच्या आत ते सुरू होत, आणि त्यांचं बोलणं संपलं की खोलीत जात. सासूबाई म्हणत, "ह्या माणसाला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवयच नाही."

सासूबाईंना एकदा खोकला झाला. मिस्त्री काठी घेऊनच आले. "आई, जरा पाठ करा इकडे. कुठल्या बाजूचा आहे ते बघतो." सासूबाईंनी उलथनं उचललं. "मेल्या, मी काय लॉरी आहे?" मिस्त्री शांतपणे म्हणाले, "धूर नाही ना निघत? मग काळजी नाही."

घरातलं घड्याळ, शिवणाचं यंत्र, विहिरीचा रहाट, सगळ्याला काठी लावून झाली होती. शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असे. मिस्त्री लाकडी खांबाला गाल चिकटवून बसत. लोक म्हणत, झोपतात. भजन संपून माणसं चपला शोधायला लागली की हे मोठ्याने "वा" म्हणत, आणि सगळे हसत.

मला मात्र ते आवडत, आणि त्याचं कारण थोडं माझ्यापुरतंच आहे. मी लाजाळू. माझा आवाज घशातून निघतो आणि ओठांशी येईपर्यंत संपतो. सासूबाई म्हणत, "जरा मोठ्याने बोल, तोंडातलं सोनं सांडणार नाही." आमचे यजमान म्हणत, "काय? काय म्हणालीस?" सगळे मला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायला लावत. दामूमिस्त्रींनी तेवढं कधी लावलं नाही. मी काही म्हटलं की ते माझ्याकडे नीट बघत, मान डोलवत आणि पुढे जात. मला वाटे, अख्ख्या बदलापुरात माझा आवाज पोचतो असा हा एकच माणूस आहे.

आमचा धंदा गवताचा. चामटोली, वांगणी ह्या बाजूचं गवत दोन बैलगाड्यांतून आणायचं आणि तबेलेवाल्यांना विकायचं. आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी यजमानांच्या डोक्यात ट्रक शिरला. नव्या ट्रकची ऐपत नव्हती. उल्हासनगरात, आम्ही तेव्हा कॅम्पच म्हणत असू, एका सिंधी व्यापाऱ्याला डिझेलवर चालणारा जुना ट्रक विकायचा होता. बैल विकायचे, माझ्या पाटल्या गहाण टाकायच्या आणि तो घ्यायचा, असं ठरलं. इंजिन बरं निघालं तर घर वर येणार होतं. वाईट निघालं तर बैलही गेले आणि पाटल्याही.

यजमान मिस्त्रींना घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. झालं असं, की मिस्त्रींनी रामराम करायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवला. ते कोमट लागलं. मिस्त्री तसेच मागे वळले. व्यापारी म्हणाला, "अरे साईं, आप आनेवाले थे, इसलिए तो चलाके रखा." मिस्त्री म्हणाले, "तेच नको. गरम झालं की कुठलंही इंजिन गोड बोलतं. माणूस काय, इंजिन काय, झोपेतून उठल्याबरोबर बोलतं ते खरं. ह्याला झोपू द्या. उद्या येतो."

यजमान चिडले होते. "उद्या जाऊन त्याला आधी चूळ भरायला पाणी द्यायचं का?"

दुसऱ्या दिवशी मीही गेले. सौदा झाला तर ट्रकला हळदकुंकू लावायला घरची लक्ष्मी हवी, असं सासूबाईंचं म्हणणं. आमच्याच बैलगाडीतून गेलो. ज्या बैलांना विकून ट्रक घ्यायचा, तेच आम्हाला ट्रकपर्यंत ओढत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

व्यापारी भला माणूस होता. त्याने आधी पापड आणि पाणी पुढे केलं. मिस्त्रींनी पापड टोपीत ठेवला, टोपी बाजूला ठेवली आणि इंजिनाला हात लावला. गार होतं. मग कामाला लागले.

"मैलांचा काटा काय म्हणतो?" त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं.

"बारह हजार मैल."

मिस्त्री आत चढले, वाकून क्लचच्या पायपट्टीवरून अंगठा फिरवला आणि उतरले. "पट्टी चमच्यासारखी खोल झाली आहे. बारा हजारांत एवढी झिजायला ड्रायव्हर हत्ती पाहिजे. काटा लाख मैल मोजून पुन्हा शून्यापासून निघालेला आहे, शेठ."

व्यापारी रागावला नाही. "चला तो बहुत है, साईं. इसीलिए तो सस्ता है."

मग त्यांनी तेलाची सळई ओढली. तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं, जिभेच्या टोकाला लावलं. यजमान म्हणाले, "मीठ बरोबर आहे ना?" मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. पुढची टाकी उघडून पाण्यावर तवंग आहे का ते पाहिलं. नव्हता. मग व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरला इंजिन उठवायला सांगितलं. दोनदा खाकरून ते उठलं. पांढरा धूर आला आणि थोड्या वेळाने विरला. मी जवळ उभी होते म्हणून मिस्त्री मलाच शिकवू लागले. "वहिनी, काळा धूर म्हणजे खातं फार. निळा म्हणजे तेल पितं. पांढरा थांबतच नसेल तर पोटात पाणी. हे घरंदाज दिसतंय." तेल ओतायच्या तोंडावरचं टोपण काढून त्यांनी तिथेच उलटं ठेवलं. इंजिनाला धाप लागत असेल तर ते टोपण नाचतं म्हणे. ते नुसतं थरथरत बसलं. "म्हातारं आहे," मिस्त्री म्हणाले, "पण दमेकरी नाही."

मग काठी. वरून लावली, बाजूने लावली. डोळे मिटून ते ड्रायव्हरला म्हणाले, "पाय दाब. आता सोड."

पाय सुटला आणि घरघर उतरायला लागली तेव्हा मला ते ऐकू आलं. पार खालून, पोटातून, ठक ठक ठक. रिकाम्या उखळात कोणी हळू मुसळ टाकावं तसं. मग थांबलं. पुन्हा पाय दाबून सोडला, पुन्हा तसंच. यजमान व्यापाऱ्याशी भाव करण्यात गुंतले होते. मिस्त्री काठी काढून नेमके माझ्यासमोर आले. मी सगळा धीर गोळा केला, पदर ओठांशी धरला आणि म्हटलं, "खाली काही तरी वाजतंय."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. हसले. मान डोलवली. "होय, होय," म्हणाले.

मला केवढं हायसं वाटलं. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं आहे आणि त्यात काळजीचं काही नाही. मी ट्रकला हळदकुंकू लावलं. यजमानांनी नारळ फोडला. बैल तिथूनच ते विकत घेणाऱ्या माणसाबरोबर गेले.

तीन महिने ट्रक गुणाने चालला. शिमग्याच्या आधी, भरल्या गवतानिशी, वांगणीच्या अलीकडे तो मोठा आवाज करून बंद पडला. खालचं बेअरिंग वितळलं होतं आणि त्याने आतला दांडा खरवडला होता. तीनशे रुपये लागले. पाटल्या सुटायच्या त्या आणखी अडकल्या.

मिस्त्रींनी इंजिन स्वतः खोललं. संध्याकाळी ते काळं पडलेलं बेअरिंग घेऊन पडवीत बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांना गप्प बसलेलं आम्ही प्रथमच बघत होतो. यजमानच म्हणाले, "अहो, जुनं इंजिन म्हणजे कलिंगड. वरून वाजवून घ्यायचं, आत निघेल ते निघेल. तुमचा काय दोष?"

मिस्त्री दुसऱ्या महिन्याला वीस रुपये घेऊन आले. यजमानांनी परत केले. पुन्हा आणले, पुन्हा परत केले. तिसऱ्या वेळी यजमान बाहेर गेलेले पाहून ते अंगणात आले, उजेडाकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन नोटा माझ्या हातावर ठेवल्या. "पाटल्यांत घाला." मी नको म्हटलं, पण माझं नको कोण ऐकतं? ते वळून गेलेसुद्धा.

दर महिन्याला वीस. त्यांनी नवा सदरा शिवला नाही, चहा एकवेळ केला. मी दर महिन्याला नोटा घेत होते आणि दर महिन्याला ठरवत होते, पुढच्या वेळी सांगायचं. मला आधी ऐकू आलं होतं. मी तेव्हा यजमानांनाही ओरडून सांगितलं असतं तर बैल वाचले असते. दोष असलाच तर माझा होता आणि फेडत होते ते. एवढं सांगायला मला पंधरा महिने लागले.

शेवटच्या वीस रुपयांच्या दिवशी मी नोटा घेतल्या नाहीत. जमिनीकडे बघत, पायाच्या अंगठ्याने अंगणातलं सारवण उकरत मी सगळं सांगून टाकलं. वर पाहिलं तर मिस्त्री नुसते उभे. चेहऱ्यावर काही नाही. मान डोलवायला लागले होते, ती मध्येच थांबवली.

"वहिनी," ते म्हणाले, "मान वर करून बोला. मला कानांनी ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली."

मला देवळातला तो खांब आठवला. ती काठी. माझं बोलणं तेवढं नीट ऐकणारा माणूस.

मी पदर खाली केला. मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द सावकाश म्हटला. त्या दिवशी मला खाली ठकठक ऐकू आली होती. मी तुम्हाला सांगितलं होतं.

"सांगितलंत ते दिसलं होतं," मिस्त्री म्हणाले. "पदर हलला, डोळे घाबरलेले होते. काय म्हणालात ते कळलं नाही. पुन्हा सांगा, एवढंच मला म्हणायचं होतं. दोन शब्द. पण बहिऱ्या मिस्त्रीकडे इंजिन कोण दाखवतं? म्हणून मान डोलवली." त्यांनी नोटा पुढे केल्या. "हे तीनशे इंजिनाचे नाहीत वहिनी. त्या मानेचे आहेत. घ्या, आणि मोजून घ्या."

मी घेतल्या. दोनच नोटा, पण मोजल्या.

"पुरे झाले का?"

"फिटले," मी म्हटलं. ते नोटांकडे बघत होते, त्यांना कळलं नाही. मग ते वर बघेपर्यंत मी थांबले आणि पोटातून आवाज काढला. "फिटले, मिस्त्री."

कौलांवरचे कावळे उडाले. मिस्त्री दचकले आणि मग हसले. "एवढ्या मोठ्याने नको. तोंड दिसलं की पुरे."

आतून सासूबाई म्हणाल्या, "कोणावर गं ओरडतेस?"

"दामूमिस्त्रींचे पैसे फिटले," मी तेवढ्याच मोठ्याने म्हटलं. "सगळे."