तिवाट्यावरचं नाकवालं लिंबू

त्या सोमवारी बारा वाजून सात मिनिटं झाली होती. वेळ पक्की आहे. बाराला गावची लाइन जाते, लाइन गेली की निवृत्तीची पिठाची गिरणी थांबते, आणि गिरणी थांबली की गावात अशी शांतता पसरते की भिंतीवरचं घड्याळसुद्धा दबकत चालल्यासारखं वाटतं. शारदानं त्या घड्याळाकडे पाहिलं, परडीत हात घातला आणि लोणच्यासाठी आणलेल्या लिंबांतून एक लिंबू निवडलं.

सगळा घोटाळा या निवडण्यात झाला. बाकीची लिंबं गोल, पिवळी, शहाणी. या एकाला मात्र देठापाशी चक्क नाक आलेलं. लोणच्यात ते शोभलं नसतं, म्हणून शारदानं ते उताऱ्याला घेतलं. (देवाच्या अन् भुताच्या कामाला आपण नेहमी घरातली बाद वस्तू काढतो. मग भोगतो.)

शारदा म्हणजे निवृत्तीची बायको. सातवी शिकलेली, सव्वीस वर्षांची, आणि एका लेकराच्या काळजीत चार लेकरांच्या आईएवढी वाळलेली. तिची गार्गी पहिलीत. चैत्र लागला, शाळा सकाळची झाली, आणि तेव्हापासून पोरगी दुपारी जेवेना. साडेअकराला घरी यायची, भाकरीकडे पाठ करायची अन् "पोट भरलं" म्हणून गार फरशीवर आडवी व्हायची. शाळेतल्या मूठभर खिचडीनं कुठं पोट भरतं? मोताळ्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, काही नाही. 'काही नाही' हे ऐकून शारदाला रात्रभर झोप नाही.

"डाक्टरले काय दिसते," सासूबाई मंजुळाबाई म्हणाल्या. "नजर हाय थे. निंबू उतरव, तिवाट्यावर ठेव अन् मांगं पाहू नोको. मांगं पाह्यलं का गेलेलं मांगं येते. अन् कोणाले सांगू नोको, नाई त वाया जाते."

तर शारदानं मीठ-मोहरी अन् ते नाकवालं लिंबू पोरीवरून सात वेळा उतरवलं आणि निघाली.

तिवाटा गावाबाहेर. एक रस्ता मोताळ्याचा, एक शाळेचा, एक मसणवटीचा. दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. ऊन असं की डांबर चपलेला धरून ठेवतं, जाऊ नको म्हणतं. दूरच्या झाडाची सावलीसुद्धा झाडाच्या पोटात शिरून बसलेली. शारदानं लिंबू ठेवलं आणि वळली. मागे काहीतरी सरपटल्यासारखं झालं. वाळलेलं पान असेल. तिथं झाड नव्हतं, पण पान असेल.

तिनं मागं पाहिलं नाही.

संध्याकाळी वरणात पिळायला म्हणून तिनं परडीत हात घातला, आणि बोटांना नाक लागलं.

तेच लिंबू. धुतलेलं. वर पाण्याचे थेंब.

"आत्याबाई," शारदा म्हणाली. लिंबू दोन बोटांत धरून लांब केलं.

मंजुळाबाईंनी लिंबू पाहिलं. हात लावला नाही. "तू मांगं पाह्यलं."

"नाई पाह्यलं, आईच्यान."

"मंग आपल्या पायानं आलं काय थे?"

हा प्रश्न विचारून त्या दोघीही लिंबाखाली पाय शोधू लागल्या.

निवृत्ती हसला. "अवो, दुसरं असन. निंबूले काय आधारकार्ड हाय का." हसला, पण त्या दिवसापासून गिरणीतून घरी येताना तिवाटा टाळून शेतातून यायला लागला. पायात काटे मोडले तरी.

घरात आणखी एक माणूस होतं, पण तिला सांगायची सोय नव्हती. मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी आइनो. (मंजुळाबाईंनी पहिल्याच दिवशी तिची ऐना करून टाकली.) फिनलँडहून सहा महिन्यांसाठी आलेली, पगार न घेता गावच्या शाळेत शिकवायला. जानेवारीत आली तेव्हा सगळं गाव कानटोप्यांत गुंडाळलेलं, अन् ही अर्ध्या बाहीत उन्हाकडे तोंड करून बसायची. पोरं तिच्या दंडाला हात लावून ताप पाहायची. मार्च लागला तशी ती आधी गुलाबी झाली, मग बिटासारखी. हेडमास्तर धम्मरत्न सरांनी तिला बसवून तीन गोष्टी सांगितल्या: अंग झाकायचं, खिशात कांदा ठेवायचा, लिंबूपाणी प्यायचं. तिनं वहीत लिहून घेतलं.

मराठी ती पहिलीच्या पोरांकडून शिकली. त्यामुळे तपासणीला आलेल्या साहेबांनाही तिनं "बस ना बे" म्हटलं होतं. पण जीव लावणारी. शाळेत पोरांसाठी सरबत करायची, त्यातलं उरलेलं बाटलीत भरून रोज शारदाला आणायची. तेवढं थंडगार पोटात गेलं की शारदाला बरं वाटायचं. या सगळ्या काळजीत तेवढाच आधार. अशा पाहुणीला कसं सांगणार, की बाई, घरात लिंबू चालून आलं आहे?

मंगळवारी दुपारी शारदानं तेच लिंबू पुन्हा उतरवलं. या खेपेला चौदा वेळा. तिवाट्यावर पोचली आणि तिच्या ध्यानात आलं की जमीन साफ आहे. इथं नेहमी वाळकी लिंबं, टाचण्या, गाडीखाली चपटलेल्या मिरच्या पडलेल्या असायच्या. आता मिरच्या होत्या. लिंबू एकही नव्हतं.

ही गोष्ट तिनं सासूबाईंना सांगितली. मंजुळाबाई नळावरून दुसरीच बातमी घेऊन आल्या होत्या. "रामरावच्या सुनेनं नारळ ठेवला, थो बी गेला. साऱ्याइचेच उतारे जाऊन राह्यले. अन् साऱ्याइचेच लेकरं जेवत नाई. पह्यले उतारा वाळून पडे. आता कोणीतरी येऊन घेऊन जाते." मग हळूच, "बाराचं निघत असन काही."

मंगळवारी लिंबू आलं नाही. शारदा जराशी सैलावली. बाकीच्या लिंबांचं लोणचं घालून टाकलं. बुधवारी दुपारी परडी उचलली, तर तळाशी ते बसलेलं होतं. नाक वर करून. आणि आता त्याला डोळे होते.

दोन काळे डोळे. खाली लाल तोंड. तोंड हसत होतं.

शारदाच्या हातून परडी पडली. लिंबू घरंगळत गेलं, उंबऱ्याला लागलं, फिरलं आणि तिच्याकडे तोंड करून थांबलं.

त्या रात्री गार्गीला आई कुशीतून सोडीना. गुरुवारी शाळेत पाठवलंच नाही. आणि नवल म्हणजे त्या दिवशी पोरीनं भर दुपारी दोन भाकरी खाल्ल्या, वर गूळ मागितला. शारदाला वाटलं, सुटलो. मंजुळाबाईंना तसं वाटलं नाही.

"लेकराले सोडलं त्यानं," त्या लिंबाकडे बोट करून म्हणाल्या. "आता थ्यात जाऊन बसलं. तोंड फुटलं, डोये फुटले. उद्या हातपाय फुटतीन. शुक्रवारी नेऊन टाक अन् मांगं पाह्य, खरंच जाते का नाई."

"तुम्हीच म्हटलं मांगं पाहू नोको."

"थे पह्यल्या खेपेचं होतं."

शुक्रवारी चव्वेचाळीसच्या वर पारा होता. शारदानं लिंबू फडक्यात बांधून नेलं, कारण त्याच्याशी नजरानजर नको होती. तिवाट्यावर सोडलं. दहा पावलं मोजली. पदर तोंडात धरला आणि वळून पाहिलं.

शाळेच्या रस्त्यानं काहीतरी येत होतं. उंच, डोक्यापासून खालपर्यंत पांढरं. खाली उन्हाची वाफ हलत होती आणि त्या वाफेत त्याला पाय नव्हते. ते चालत नव्हतं, तरंगत होतं. तिवाट्यावर येऊन थांबलं. वाकलं. पांढऱ्यातून एक लालभडक हात निघाला, त्यानं लिंबू उचललं, उन्हात धरलं, आणि त्या पांढऱ्याच्या आतून ओला, घोगरा आवाज आला:

"काऊन बे निंबू, पुन्हा आला तू?"

यानंतर शारदा कशी पळाली हे तिला सांगता येत नाही. एक चप्पल डांबरात राहिली एवढं नक्की. कारण मागून तोच आवाज येत होता, "चप्पल... चप्पल..."

घरात शिरून तिनं कडी घातली, वर अडसर घातला, वर पाटा लावला. गार्गीला कवेत घेऊन ती धान्याच्या कोठीमागे बसली. मंजुळाबाईंनी दारापुढे मिठाची रेघ ओढली. निवृत्ती, घरचा कर्ता पुरुष, कोठीवर चढला. "मी वरून लक्ष ठेवतो," म्हणाला.

दारावर थाप पडली.

शारदानं पोरीचं तोंड पदरानं झाकलं.

"ताई." थाप. "चप्पल."  मग अगदी बारीक, "मले पाणी दे."

"देऊ नोको," मंजुळाबाई पुटपुटल्या. "थे पाणीच मांगते."

आणि दाराबाहेर काहीतरी धपकन पडलं.

शारदाच्या कवेत पोरगी होती, आणि या पोरीसाठी ती दार उघडणार नव्हती. पण जे पडलं त्याचा आवाज माणसाचा होता. ती रांगत गेली आणि दाराखालच्या फटीला डोळा लावला. आधी तिची स्वतःची निळी चप्पल दिसली. मग एक पाय दिसला. सरळच होता, उलटा नव्हता. अंगठ्याला हळद लावलेली चिंधी, वर दोन गाठी. ती चिंधी काल शारदानंच बांधली होती.

"अवो, उतरा खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "ऐना हाय."

दार उघडलं तर ओल्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली आइनो ओट्यावर पडलेली. चादर शाळेच्या टेबलावरची. सरांनी अंग झाकायला सांगितलं, तिनं सगळंच झाकलं. रोज मागच्या बोळातून खोलीत यायची म्हणून घरात कोणी ते सोंग कधी पाहिलंच नव्हतं. तोंड लाल, ओठ पांढरे. एका हातातून चप्पल सुटलेली, दुसऱ्या मुठीत लिंबू.

तिला आत ओढलं. तळपायाला कांदा चोळला, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. निवृत्तीनं सूप घेऊन असा वारा घातला की मिठाची रेघ उडून त्याच्याच डोळ्यात गेली. आइनो डोळे उघडीना.

"सरबत पाज," तो डोळे चोळत म्हणाला.

शारदानं परडी पाहिली. रिकामी. सगळी लिंबं लोणच्यात. घरात एकच लिंबू होतं, आणि ते आइनोच्या मुठीतून हसत होतं.

"थ्याले चिरू नोको," मंजुळाबाई म्हणाल्या. "गार्गीवरचं हाय थे सारं. कोणाच्या पोटात घालतं?"

शारदानं लिंबू घेतलं. विळीवर धरलं. ते तिच्याकडे पाहत होतं, ती त्याच्याकडे. "ही बी कोणाची तरी पोरगीच हाय, आत्याबाई," ती म्हणाली, आणि बरोबर दोन डोळ्यांच्या मधून चिरलं.

आत काही नव्हतं. बिया होत्या. रस मात्र असा निघाला की लोणच्यात न घातल्याचा तिला क्षणभर पस्तावा झाला.

चार घोट पोटात गेले तशी आइनोनं डोळे उघडले. आणखी चार घोट, आणि ती उठून बसली. अर्धा पेला शारदापुढे धरून म्हणाली, "तू बी पे. तू लय पळाली."

मग सगळं बाहेर आलं. तिच्या देशात शरदाच्या दिवसांत झाडाला सफरचंदं जास्त झाली की लोक ती फाटकाबाहेर ठेवून देतात. ज्याला हवी त्यानं न्यावीत. इथं लोक लिंबं ठेवतात. केवढं चांगलं गाव. ती रोज शाळेतून येताना गोळा करायची आणि दुसऱ्या दिवशी पोरांना सरबत. नारळाची बर्फी केली होती. हे नाकवालं तिला पिळवेना, म्हणून गार्गीसाठी परडीत ठेवलं; मग पुन्हा रस्त्यावर दिसलं, तर दुसरीच्या वर्गात नेऊन डोळे-तोंड काढून 'आईज, नोज, माऊथ' शिकवलं अन् परत परडीत ठेवलं.

"किती सरबत पाजतं पोराइले?" शारदानं बारीक आवाजात विचारलं.

गार्गी मधेच म्हणाली, "मी खिचडीवर तीन गिलास पेतो. लय साखर राह्यते."

शारदानं बोटांवर हिशेब मांडला. पोरगी सरबतानं पोट भरून यायची म्हणून जेवत नव्हती. जेवत नव्हती म्हणून लिंबू उतरवायचं. उतरवलेल्या लिंबाचं पुन्हा सरबत. साऱ्या गावच्या आयांनी मिळून हे चक्र फिरवलं होतं, निवृत्तीच्या गिरणीपेक्षा बिनबोभाट, अन् लाइन नसताना. आणि महिनाभर बाटलीतून अख्ख्या गावची नजर जिनं गार करून पोटात घातली, ती शारदा. रोजची. मागून घेतलेली.

"लोक कायले ठेवतात निंबू, ताई?" आइनोनं विचारलं. "आमच्यासारखंच का?"

शारदानं सासूबाईंकडे पाहिलं. मंजुळाबाईंनी छताकडे पाहिलं.

"हाव," शारदा म्हणाली. "गावची रीतच हाय. पण सरबत जरासंच देत जाय पोट्ट्याइले. एकच गिलास."

सोमवारपासून गार्गी दुपारी जेवायला लागली. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण आइनोनं शारदाचं नाव घेऊन गावची ही रीत धम्मरत्न सरांना सांगितली. सरांना लिंबू कुठलं ते बरोबर कळलं. ते नुसते मिशीत हसले. आणि एक मे रोजी, निकालाच्या दिवशी, सगळ्या गावापुढे माइकवर म्हणाले की शाळेला लोकसहभागातून सर्वांत जास्त लिंबं देणाऱ्या सौ. शारदाताई निवृत्ती यांचा सत्कार. भर उन्हात तिच्या खांद्यावर लोकरीची शाल पडली. पुढे बसलेल्या सगळ्या बाया तिच्याकडे पाहत होत्या. लिंबं कुठली ते प्रत्येकीला माहीत होतं.

तेव्हापासून शारदाची जेवणावरची इच्छा गेली आहे. मंजुळाबाईंचं म्हणणं, एवढ्या बायांनी एकदम पाहिल्यावर दुसरं काय होणार, तिला नजर लागली. उतारा करायला हवा. पण तिवाट्यावर आता आइनोनं टोपली ठेवली आहे, वर तिच्या हातची पाटी: 'निंबू येथे ठेवावे. आभारी आहोत.'

म्हणून मोताळ्याकडच्या, मेहकरकडच्या, कुठल्याही आयाबायांना एवढा निरोप सांगा: लिंबाशिवाय नजर उतरवायची रीत कोणाला ठाऊक असेल, तर शारदाला लवकर कळवा. आइनोला मात्र कळू देऊ नका. आणि मिरच्यांचं काही सुचवू नका. सरांनी शाळेच्या खिचडीला मिरच्या कमी पडतात असं कालच तिला सांगितलं आहे.