पाना, दुतोंडी, लोखंडी

प्रभाकर सबनीस कॅन्टीनमध्ये चहा मागायचे तो असा: "चहा, दुधाचा, बिनसाखरेचा, अर्धा." आधी वस्तू, मग तिचे गुण, तेही ठरलेल्या क्रमाने. कॅन्टीनवाले भट्टभाई सुरुवातीला हसायचे, पुढे तेही त्याच थाटात ऑर्डर ओरडायला लागले. माणसांचीही यातून सुटका नव्हती. बाहेरच्या एका पाहुण्याला त्यांनी माझी ओळख करून दिली, "दाते, स्टोअरचे, जुने, तापट." माझ्या तोंडावर! जुने ठीक आहे हो, तापट कशाला?

आमचा कारखाना गोरव्यात. नव्वदीनंतर तिथे कॉम्प्युटर आला. त्याला एसी खोली मिळाली आणि आम्ही चपला बाहेर काढून आत जायला लागलो. स्टोअरमधल्या झाडून सगळ्या वस्तूंची नावं त्यात भरायची होती. त्या कामाचा प्रमुख मीच होणार असं मी धरून चाललो होतो, बायकोला सांगूनसुद्धा टाकलं होतं. खुर्ची मिळाली सबनिसांना, माझ्या कितीतरी मागून लागलेल्या माणसाला!

कबूल करायला जिवावर येतं, पण घोळ खरा होता. एकाच वस्तूला मेंटेनन्सवाले गुजराती 'पानु' म्हणत, आम्ही मराठी मंडळी 'पाना' आणि इंजिनियर लोक 'स्पॅनर'. कॉम्प्युटरला त्या तीन वस्तू वाटल्या, त्याने तिन्हींची खरेदी काढली. ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा सबनिसांनी फर्मान काढलं की एका वस्तूला एकच नाव, साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना तेच. "पाना, दुतोंडी, लोखंडी." दुसऱ्या नावाने मागायला आलेल्याला ते खिडकीवरूनच परत पाठवत. अशी वस्तू आपल्याकडे नाही, म्हणत. ती मागच्या फळीवर ढळढळीत दिसत असायची. साहेब मात्र खूश. "सबनीसभाई, बहु सरस!" इतक्या वर्षांत मला कुणी नुसतं 'सरस'ही म्हटलं नव्हतं. माझा तिळपापड व्हायचा.

पुढे मुंबईच्या हेड ऑफिसने त्यांनाच बोलावलं. सगळ्या कारखान्यांमध्ये फिरून नावं एकसारखी करायची, शिवाय बढती. आणि या गृहस्थाने चक्क नकार दिला! वर माझं नाव सुचवलं. म्हणजे यांनी टाकलेलं मी उचलायचं? मी तडक निजामपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो, चांगला भांडायच्या तयारीने.

दार त्यांनीच उघडलं. आत वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर निपचित. त्यांना झटका येऊन गेल्याचं ऑफिसात उडत उडत कानावर आलं होतं. बोलणं गेल्याचं मात्र ठाऊक नव्हतं. एकच शब्द उरला होता.

"वाटी," त्या म्हणाल्या.

सबनिसांनी उठून पंखा कमी केला. थोड्या वेळाने पुन्हा तेच, "वाटी." त्यांनी चष्मा आणून वहिनींच्या नाकावर नीट बसवला. मग माझ्याकडे बघून वहिनी तिसऱ्यांदा तेच म्हणाल्या, तर हे स्वयंपाकघराकडे निघाले. "तुम्हाला चहा दे म्हणतेय," म्हणाले. एकदाही त्यांनी वहिनींचा शब्द सुधारला नाही.

भांडण राहिलं बाजूला. हे सगळं तुम्हाला कळतं कसं, मी विचारलं.

"तिच्याकडे बघत राहायचं," सबनीस म्हणाले. "दिवसा शेजारच्या कोकिळाबेन बसतात, त्यांना अजून निम्मंच समजतं. मी गावोगाव फिरत बसलो तर हिचं कोण समजून घेणार, दाते?"

बढती मी घेतली. नाही म्हणायला मी काय संत आहे? पण त्या दिवशी त्यांचा जिना उतरताना मला त्या माणसाचा जेवढा हेवा वाटला, तेवढा खुर्चीसाठीही कधी वाटला नव्हता. आमच्या घरी दोघांनाही सगळे शब्द येतात. तरी बायकोला काय हवंय हे तिने न सांगता मी कधी ओळखलं, ते घरी पोचेपर्यंत आठवत राहिलो. आठवलं नाही.