टाळूवरचा तलाव

मानवजातीच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे मेण नेमकं किती अंशांवर वितळतं हे समजून घेण्याचा इतिहास आहे, असं लोकेंद्र कटरेचं ठाम मत होतं. हे मत त्याने बुधवारी दुपारी सव्वादोन वाजता बनवलं. दोन वाजता कुरियरवाला खोकं देऊन गेला होता.

खोक्यातली वस्तू दिसायला पेनासारखी होती. मागे वायर, वायरीला डबी, डबीवर लाल आकडे, आणि पुढे नखाएवढं पितळी पातं. आकडा लावला की पातं तेवढं तापायचं आणि तेवढंच तापलेलं राहायचं. खोक्यावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. लोकेंद्र तिला कलम म्हणू लागला. त्याची बायको रविता तिला इस्त्री म्हणू लागली.

"अजी, एवढीशी इस्त्री? यानं तं रुमालाची कोरही नाही होत."

"हे कपड्यासाठी नाही. मेणासाठी आहे."

"मग दिव्याले काय झालं होतं?"

दिव्याला काहीच झालं नव्हतं. लोकेंद्र फुलचूरला, घराच्या पुढच्या खोलीत, दात बनवत असे. गोंदियातले डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे साचे पाठवत. तो त्यांवर गुलाबी मेणाच्या हिरड्या रचून त्यात दात बसवून देई. वीस वर्षं हे काम त्याने स्पिरिटच्या दिव्यावर केलं होतं. सुरी तापवायची, मेणावर फिरवायची, थंड झाली की पुन्हा दिव्यावर धरायची. या धावपळीत माणसाला विचारांत हरवायला सवड मिळत नाही, आणि लोकेंद्रच्या बाबतीत तेच बरं होतं. कलम मात्र थंड होत नसे. हात थांबत नसे. मग मनही थांबत नसे.

कलमेचं पहिलं काम घरचंच होतं. रविताचे वडील बिसनलाल रहांगडाले हे चोरखमाऱ्याच्या तलावावरच्या पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष. अकरा वर्षं त्यांनी खुर्ची सांभाळली, पण गेल्या वर्षभरात दात सांभाळले गेले नाहीत. मागच्या सभेत ते "शेवटच्या शेताले सारखं पाणी" असं म्हणाले, आणि सचिव केशोरावांनी जसं ऐकू आलं तसं प्रामाणिकपणे इतिवृत्तात लिहिलं: 'फेवटच्या फेताले फारखं फाणी.' यावर हिरालाल तुरकर उभे राहिले. हिरालालांना स्वतःचे बत्तीसही दात होते आणि ते सगळे दाखवत ते म्हणाले, "ज्याचं बोलणं कागदावर लिहिता येत नाही, तो अध्यक्ष कायले ठेवायचा गा?"

खुर्ची वाचवायची तर दात हवे होते. आणि लोकेंद्रला ते दात हवे होते त्याहून जास्त. चौदा वर्षं सासरे त्याची ओळख "जवाई गोंदियाले असते, दाताच्या दुकानात" अशी करून देत होते. डॉक्टर नाही, सोनार नाही, मधलंच काहीतरी. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत त्यांनी नीट ओळख करून द्यावी, एवढीच त्याची इच्छा होती.

गुरुवारी दुपारी बाहेर त्रेचाळीस अंश होते. कूलर घरघरत होता आणि गुलाबी मेणाला मोहफुलासारखा गोडसर वास सुटला होता. लोकेंद्रने कलम हिरडीवर टेकवली. मेण उगाच लाजल्यासारखं बाजूला झालं. दातांच्या मुळाशी कमानी उमटू लागल्या. कमानी थोड्या वेळाने शेताच्या धुऱ्यांसारख्या दिसू लागल्या, धुऱ्यांमध्ये धानाच्या बांध्यांची खाचरं पडली, आणि बांध्यांच्या काठाकाठाने चालत लोकेंद्र कलमेसकट टाळूवर पोचला. दातांच्या संचात टाळू गुळगुळीत ठेवायचा असतो. तिथे कुणी जात नाही. पण लोकेंद्र तेव्हा फुलचूरला नव्हताच. तो लग्नाच्या वर्षी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर उभा होता, शेजारी हळदीच्या हातांची रविता होती आणि ती बोट दाखवून सांगत होती, "तो डावा कालवा, तो उजवा. आमचं वावर उजव्यावर." पाण्यावर ऊन झोपलं होतं.

तो भानावर आला तेव्हा साडेचार वाजले होते आणि वरच्या टाळूवर अख्खा तलाव होता. पाळ होती, पाळीखालून निघणारे दोन कालवे होते, आणि काठाला तांदळाच्या दाण्याएवढा बगळा एका पायावर उभा होता.

रविताने पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या बाबुजींच्या तोंडात बगळा?"

"पुसून टाकतो. आज नाही. ट्रायल झाली की."

वीस वर्षांत त्याच्या हातून इतकं सुंदर काही झालं नव्हतं. दोन दिवस तरी ते जगात असावं असं त्याला वाटलं. मेणाचे दात नुसते मापाला असतात. डॉक्टर ते तोंडात बसवून पाहतात, परत पाठवतात, मग मेण उकळत्या पाण्याने काढून त्याच्या जागी कडक हिरडी भरायची. मेणात जे असेल ते कडक हिरडीत कायमचं येतं. म्हणून पुसायचं ते त्याआधी.

शनिवारी सकाळी अकराला गोंदियाच्या दवाखान्यात ट्रायल होती. बारा वाजता तिथल्या डॉक्टर निशाचा फोन आला.

"लोकेंद्रजी, आपके ससुरजी गेले."

लोकेंद्रने कलम खाली ठेवली. "कसे?"

"कसे म्हणजे? ऑटोने. दात घालून. मी दुसरा पेशंट बघायला आत गेले, तेवढ्यात उठून गेले. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं, ट्रायल आहे, कसे वाटतात सांगा."

लोकेंद्रला सगळं एकदम समजलं. बिसनलालांनी आयुष्यात कोणतीही ट्रायल दुकानात घेतली नव्हती. बैलजोडी आणली तर ती बांधीत चालवून पाहायची. मोटारपंप आणला तर दिवसभर विहिरीवर चालवायचा, आवडला तर ठेवायचा. ट्रायल म्हणजे वस्तू घरी नेणं. आणि मुलीने आठ दिवसांपूर्वी "शनिवारी ट्रायल" म्हटल्याबरोबर त्यांनी स्वतःच शनिवारी चार वाजता संस्थेची सभा लावून टाकली होती.

त्याने सासऱ्यांना फोन लावला.

"मामाजी, दात कसे आहेत?"

"सुंदर." स अगदी स्वच्छ आला. "तिरोड्याच्या बसमध्ये बसून राहिलो. कंडक्टरले तिकीट मागितलं तं एका बोलीत समजलं त्याले."

"ते मेणाचे आहेत मामाजी. काही गरम खाऊ नका. आणि तोंडातून काढू नका."

"काढतो कायले? ट्रायल चालू आहे नं," असं म्हणून बिसनलालांनी फोन ठेवला, आणि मग बंदच केला. बॅटरी वाचावी म्हणून ते नेहमीच तसं करत.

लोकेंद्रने हिशेब केला. बाहेर चव्वेचाळीस अंश, तोंडात सदतीस. त्या दुपारी सबंध जिल्ह्यात मेणाला सुरक्षित अशी थंड जागा सासऱ्यांचं तोंडच होतं. तरी त्याने कलम पिशवीत घातली, पिशवी रविताच्या मांडीवर दिली आणि मोटारसायकलला किक मारली.

"इस्त्री कायले घेऊन राहिले?" रविताने विचारलं.

"लागली तर."

रस्ताभर दोन्ही बाजूंना उन्हाळी धान हिरवंगार डोलत होतं आणि डांबरावर पाण्याचा भास हलत होता. लोकेंद्रला क्षणभर वाटलं, आपण मेणावरूनच चाललो आहोत आणि मागच्या चाकाची खूण जन्मभर राहणार. रविताने पाठीत बोट खुपसलं तेव्हा तो रस्त्यावर आला.

ते पोचले तेव्हा संस्थेच्या ओसरीवर चाळीसेक माणसं बसली होती. मागे तलाव चमकत होता आणि पुढे बिसनलालांचे दात. सासरे उभे राहून बोलत होते, आणि काय बोलत होते! शेवट, शेत, सारखं, सिंचन, सदस्य, सगळे श आणि स जागच्या जागी. केशोराव भराभर लिहीत होते आणि त्यांचा चेहरा निवळला होता. हिरालाल तोंड मिटून बसले होते.

लोकेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे दात, तो मनात म्हणाला. तेवढ्यात चहा आला.

चहा हिरालालांच्या घरून आला होता, पितळी पातेल्यात, वाफाळता. पहिला कप अर्थातच अध्यक्षांना, पाठोपाठ बाकीच्यांना. बिसनलालांनी तो ओठांपाशी नेला आणि लोकेंद्र मागून ओरडला, "मामाजी, तो चहा पिऊ नका!"

चाळीस माणसांनी आपापल्या कपात पाहिलं.

"काऊन?" हिरालाल सावकाश उठले. "माह्या घरच्या चहात काय आहे?"

"चहात काही नाही. गरम आहे."

"चहा गरमच राहते, जवाई. दुसरं सांगा."

दुसरं सांगायचं म्हणजे सासऱ्यांचे दात मेणाचे आहेत हे चाळीस जणांत सांगायचं. लोकेंद्र गप्प राहिला. ती शांतता फार वाईट दिसली. मागच्या रांगेत एकाने कप हळूच खाली ठेवला. दुसऱ्याने ओसरीखालच्या कुत्र्याकडे पाहिलं.

"असं?" हिरालाल म्हणाले. त्यांनी उभ्या उभ्या एक कप संपवला, मग शेजाऱ्याचा, मग तिसरा. "पाहून घ्या. जिवंत आहो का नाही?"

आता अध्यक्षांची इभ्रत पणाला लागली. "आमच्या जवायाचं मनावर नका घेऊ," बिसनलाल म्हणाले. "ते दाताच्या दुकानात असतात." आणि त्यांनी कप एका दमात रिकामा केला.

पहिल्या दहा सेकंदांत काही झालं नाही. मग ते बोलू लागले. "तर फदस्यांनो," ते म्हणाले, आणि थबकले. समोरचा एक दात हळूच आत कलला, जणू तलावात कुणी आहे का ते वाकून पाहत होता. केशोरावांनी लेखणी थांबवून विचारलं, "फदस्य लिहू का सदस्य?"

बिसनलालांच्या जिभेला आत काहीतरी जाणवलं. त्यांनी तोंडात बोट घातलं, वरचा संच बाहेर काढला, उलटा केला आणि पाहिला. मग त्यांनी तो आपल्या शेल्यावर ठेवून टेबलावर सरकवला.

"बाप्पा," केशोराव म्हणाले. "हा तं आपला तलाव आहे."

माणसं उठली. चाळीस डोकी टेबलावर वाकली. गुलाबी पाण्यावर संध्याकाळचं ऊन पडलं होतं आणि चहाचा एक थेंब पाळीपाशी साचून लुकलुकत होता. कुणीच हसलं नाही. एक म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "बगळाही आहे."

"पण हे पाहा," डाव्या कालव्यावर शेत असलेले हिरालाल म्हणाले. मेण चहाने बसलं होतं आणि डावा कालवा खाली खचला होता. त्यांनी तो चहाचा थेंब काडीने हलवला. थेंब सरळ डावीकडे गेला. "दहा वर्षं बोंबलून राहिलो, उतार डावीकडे आहे. पाण्याची पहिली पाळी आमची. तुमच्या तोंडातच आहे पुरावा."

बिसनलाल काही म्हणाले, पण दातांशिवाय ते लिहिण्याजोगं नव्हतं. त्यांनी लोकेंद्रकडे पाहिलं. चौदा वर्षांत त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"लाइन आहे का?" लोकेंद्रने विचारलं.

लाइन होती. कार्यालयाच्या एकुलत्या सॉकेटमध्ये कलम लागली, लाल आकडे चढू लागले आणि नव्वदवर थांबले. लोकेंद्र खुर्चीवर बसला. ती अध्यक्षांची खुर्ची होती हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"पाळ थोडी वर घ्या," गर्दीतून कुणी म्हणालं.

"तिथं माही बांधी आहे, जवाई, तिच्यावरून नका नेऊ."

"उजवा खोल करा," बिसनलालांच्या बाजूचे म्हणाले. "उजवा खोल केला तं आम्ही उठून जाऊ," हिरालालांच्या बाजूचे म्हणाले. कलम चालत राहिली. लोकेंद्रला आवाज दुरून, पाण्यापलीकडून येत होते. कोणी पंखा धरला होता. रविता खांद्यामागे उभी होती आणि बोट दाखवून सांगत होती, हा डावा, हा उजवा. त्याने दोन्ही कालवे सारखे खोल केले, कललेला दात सरळ केला आणि मधोमध थेंब सोडला. थेंब जरा विचारात पडला. मग दुभंगला आणि अर्धा अर्धा दोन्हीकडे गेला.

मग हिरालाल खाली बसले. "लिहा," ते केशोरावांना म्हणाले. "पाणी दोन्हीकडे संगच."

ठराव एकमताने झाला. ज्याच्या तोंडात अख्खा तलाव आहे त्याला अध्यक्षपदावरून कसं काढायचं, हा प्रश्न हिरालालांनाही सुटला नाही. बिसनलालांनी दात बसवले, लोकेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेकडे वळले. लोकेंद्र खुर्चीतून उठून उभा राहिला.

"हे आमचे जवाई," बिसनलाल स्पष्ट शब्दांत म्हणाले. "नकाशे काढतात."

दुसरा ठराव लोकेंद्रला परतीच्या वाटेवर रविताने सांगितला. तलाव पुसायचा नाही. सभेच्या परवानगीशिवाय त्यात कोणताही बदल करायचा नाही. त्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात कडक दात तयार झाले. पाळ, कालवे, बगळा, सगळं जसंच्या तसं. डॉक्टर निशाने ते उलटे करून पाहिले आणि पुन्हा सरळ केले.

बिसनलाल आजही प्रत्येक सभेला ते दात घालून जातात. जेवताना काढून ठेवतात. तलावात भात अडकतो.