निसळ सरांचा न दिसणारा उजेड

निसळ सर बोलताना तुमच्याकडे बघत नाहीत. तुमच्या डाव्या कानाच्या पलीकडे बघतात, आणि तेही असं, की तिथे कोणीतरी उभं आहे आणि ते तुमच्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

नगरच्या कॉलेजात त्यांच्याकडे संशोधनाला आले तेव्हा पहिल्याच भेटीत मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. बाहेर आल्यावर शिपाई रंभाजीमामा म्हणाले, "वळून बघू नको पोरी. समदेच बघत्यात. तिथं कोन हाय ते सरांनाच ठावं. मी तर त्या खोलीत झाडूबी दारातूनच मारतो."

मी काष्टी गावची. वडील बाजाराचा टेम्पो चालवतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भुताला घाबरते म्हणणं मला शोभलं नसतं. पण घाबरत होते.

खोलीही तशीच. भर दुपारी काळे पडदे ओढलेले. टेबलावर लेझर, पण त्याचा झोत डोळ्यांना न दिसणाऱ्या जातीचा. सर हातात लहानसं कार्ड धरून रिकाम्या हवेत चाचपडत पुढे सरकायचे. झोत लागला की अचानक कार्डावर हिरवा ठिपका पेटायचा. "सापडला," सर हळूच म्हणायचे. कार्ड हललं की ठिपका गायब, पुन्हा नुसता अंधार.

"चष्मा?" लेझर लावण्याआधी ते विचारायचे.

"घातलाय सर."

"हात लावून बघ."

मी नाकावर हात लावून बघायची. रोज.

सरांचा सगळा जीव ग्राफीनवर. शिसपेन्सिलीत असतं त्या ग्रॅफाइटला चिकटपट्टी लावायची, सोलायची, पुन्हा सोलायची. नशीब असेल तर शेवटी एका अणूइतका पातळ पापुद्रा हाती लागतो, तेच ग्राफीन. कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला विचारायचा, "सर, पार्सलचा धंदा काढला का?" डबा खातानाही सर भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून खिडकीच्या फटीला धरायचे, "जाड आहे," म्हणायचे आणि खाऊन टाकायचे.

"त्याला आत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "आपल्याला आत-बाहेर असतं. ह्याला नुसतंच बाहेर. आणि तरी भूक बघ. मिणमिणता उजेड आला की पिऊन टाकतो. जोराचा झोत आला की पोट भरतं, मग बाकीचा सोडून देतो." असा पापुद्रा लेझरमध्ये बसवला की अशक्त उजेड तिथेच विझतो, जोरकस तेवढा फेऱ्या मारत तगतो आणि सगळा गोळा होऊन ठिणग्यांसारखा सुटू लागतो. ठिणगी इतकी छोटी, की तिच्यापुढे पापणी लवणं म्हणजे युग.

आमच्या हातच्या पापुद्र्यानं हे एकदाही जमलं नव्हतं. दिवाळीला सर निवृत्त होणार होते. त्याआधी एकदा जमावं, एवढंच त्यांना हवं होतं.

एकदा ठिणग्या मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची आकृती मी दाखवली, तर ते शेजारच्या खिळ्याकडे बघू लागले.

"सर, आकृती इकडे आहे."

"माहीत आहे." मग दुसऱ्या कुणाच्या तब्येतीबद्दल सांगावं तसं म्हणाले, "एक डोळा तरुणपणी झोतात गेला. चष्मा न घालण्याचं शहाणपण. दुसऱ्या डोळ्याचं मधलं वयानं गेलं. सरळ बघितलं की समोरचा माणूस पुसला जातो. बाजूला बघितलं तर कडेनं थोडा दिसतो."

म्हणजे कानाकडे बघायचे ते मला बघायला. त्या खोलीत तिसरं कोणी नव्हतं. हे कळल्यावर भीती जायला हवी होती. उलट खोली जास्तच रिकामी वाटू लागली.

यंत्राचा पडदा दिसेना म्हणून सरांनी लेझरला स्पीकर जोडला. जमण्याआधी उजेड गचके देत सुटतो, त्याची शिट्टी ऐकू येते. ताकद वाढवली की शिट्टी बारीक होत जाते. नीट जमलं की ठिणग्या इतक्या भराभर येतात, की कानाला काहीच कळत नाही.

"गप्प झालं की जमलं," सर म्हणाले.

दसऱ्यानंतर एका दुपारी नवा पापुद्रा बसवला. सर बटण हळूहळू फिरवत होते. अंधारातून शिट्टी उठली, कुणीतरी दात आवळून रडावं तशी. चढत गेली, बारीक झाली. सरांचा हात थांबला.

"थांबलं," ते म्हणाले. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "थांबलं ना गं?"

शिट्टी चालूच होती, माझ्या कानात सुईसारखी. वय वाढलं की वरचे सूर ऐकू येईनासे होतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पडद्यावरही अजून गचकेच होते. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर सर सुखानं घरी गेले असते.

"नाही सर. मला अजून ऐकू येतंय."

सर स्पीकरवर हात ठेवून बसले.

"घरी सगळे हो म्हणतात," मग म्हणाले. "शर्ट स्वच्छ आहे? हो. बाहेर ऊन आहे? हो. मी मुद्दाम विचारलं, पाऊस आहे? तरी हो." त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. "कसं येतंय ते तुझ्या आवाजात करून दाखव. तो मला ऐकू येईल."

आणि घरातली पहिली पदवीधर मी, त्या काळ्या खोलीत डासासारखा आवाज काढत बसले. सर मान कलती करून ऐकत होते, आणि केसाकेसानं बटण फिरवत होते.